आकडा जुळला, तरी मॉडेल नापास: मधुमेह प्रतिबंधाच्या एका सिम्युलेशनची मुंबईतली तपासणी

पूर्व उपनगरांतल्या दोन वॉर्डांत प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाइतकी नाही) असलेल्या शंभर माणसांना तीन वर्षं आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात ठेवलं, तर त्यांतल्या किती जणांचा मधुमेह टळेल? या कार्यक्रमाला पैसे देऊ पाहणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा हा प्रश्न आमच्या गटाकडे आला. सोबत उत्तर काढण्याचं साधनही आलं होतं. बाहेरच्या एका सल्लागाराने बनवलेली ती एक्सेल फाइल होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'व्हॅलिडेटेड सिम्युलेशन मॉडेल', म्हणजे पारखून खरं ठरलेलं मॉडेल, असं लिहिलेलं होतं आणि खाली पिवळ्या चौकोनात उत्तर तयार होतं: साधारण सात माणसांना कार्यक्रमात घेतलं की एकाचा मधुमेह टळतो.

मुंबईतल्या कुणीतरी जाणकाराने 'ठीक आहे' म्हणून त्यावर सही करावी, एवढीच संस्थेची अपेक्षा होती. आमच्या प्राध्यापक मॅडमनी सहीआधी एक प्रश्न विचारला, "व्हॅलिडेटेड म्हणजे कुणावर?" त्या प्रश्नाचा आम्ही जो पाठपुरावा केला, त्याचं हे टिपण आहे. यातला जवळजवळ प्रत्येक हिशेब प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. वाचकाने तो स्वतः करून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विषय महत्त्वाचा का, हे फार सांगायला नको. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीने केलेल्या सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांना मधुमेह आढळला. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख आणि प्रीडायबेटिसचे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज मांडला. एवढ्या माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग करून मग धोरण ठरवायचं, तर एक पिढी जाईल. म्हणून सिम्युलेशन लागतं, आणि म्हणूनच त्याची परीक्षा कडक हवी. चुकीच्या मॉडेलवर खर्च झालेला पैसा शेवटी कुणाच्या तरी इन्सुलिनचा किंवा डायलिसिसचा असतो.

मॉडेल करतं काय

मॉडेलमध्ये चार कप्पे होते: सामान्य साखर, प्रीडायबेटिस, मधुमेह, मृत्यू. दर वर्षाच्या शेवटी प्रत्येक कप्प्यातली काही माणसं पुढच्या कप्प्यात जातात, काही मागे येतात, काही तिथेच राहतात. किती जातात हे ठरवणारे दर कुठल्या तरी अभ्यासातून उचललेले असतात. कार्यक्रम राबवला तर प्रीडायबेटिसमधून मधुमेहात जाण्याचा दर कमी होतो. कार्यक्रमासह आणि कार्यक्रमाविना अशी दोन सिम्युलेशन चालवायची. दोन्हींतल्या मधुमेहींच्या संख्येतला फरक म्हणजे टळलेला मधुमेह.

अशा मॉडेलची वैधता कशी तपासायची, याची शिस्त आता बरीच बसली आहे. २०१२ मध्ये आरोग्य-अर्थशास्त्र आणि वैद्यकीय निर्णयशास्त्राच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संयुक्त गटाने पाच पायऱ्या सांगितल्या. जाणकाराच्या नजरेला रचना पटते का? आतला हिशेब बरोबर आहे का? त्याच प्रश्नावरच्या दुसऱ्या मॉडेलशी उत्तर जुळतं का? प्रत्यक्ष घडलेल्या अभ्यासाचा निकाल ते काढून दाखवतं का? आणि अजून न घडलेल्या गोष्टीचं भाकीत खरं ठरतं का? मधुमेहाच्या मॉडेलवाल्यांनी तर २००० साली अमेरिकेतल्या माउंट हूड इथे जमून सगळ्यांनी एकच गणित आपापल्या मॉडेलवर सोडवायचं आणि उत्तरं शेजारी मांडायची, असा पायंडा पाडला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आर्किमिडीज' या मॉडेलची परीक्षा १८ वैद्यकीय चाचण्यांच्या निकालांवर, ७४ तुलनांमधून झाली आणि त्यांतल्या ७१ जुळल्या. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की १८ पैकी १० चाचण्या मॉडेल बांधताना वापरलेल्याच नव्हत्या. ज्या आकड्यांवर मॉडेल बांधलं तेच आकडे त्याने परत दिले, तर त्याची फक्त स्मरणशक्ती सिद्ध होते.

आमच्या हातातल्या फाइलचं 'व्हॅलिडेटेड' नेमकं त्याच जातीचं निघालं. अमेरिकेच्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'वर, म्हणजे डीपीपीवर, ती बांधली होती आणि डीपीपीचेच निकाल तिने परत दिले होते.

तीनने भागलेला आकडा

आतला हिशेब तपासण्याचं काम आमच्या निवासी डॉक्टरने घेतलं. टोकाच्या किमती घालून बघायच्या. मधुमेहात जाण्याचा दर शून्य केला, तर एकही नवा रुग्ण दिसायला नको. कार्यक्रमाचा परिणाम शून्य केला, तर दोन्ही सिम्युलेशन तंतोतंत सारखी यायला हवीत. चारही कप्प्यांची बेरीज दरवर्षी शंभरच राहिली पाहिजे. फाइल या सगळ्यात पास झाली.

मग तो म्हणाला, "मॅडम, वार्षिक दर बघा. तीन वर्षांच्या टक्केवारीला सरळ तीनने भागलंय."

ही चूक दिसते किरकोळ. डीपीपीच्या तुलना गटात, म्हणजे ज्यांना औषधाऐवजी दिसायला सारखीच पण निष्क्रिय गोळी दिली त्यांच्यात, तीन वर्षांत २८.९ टक्के लोकांना मधुमेह झाला. त्याला तीनने भागलं की वर्षाला ९.६ टक्के येतात. पण दुसऱ्या वर्षी हा दर शंभर जणांवर लागू होत नाही. पहिल्या वर्षी मधुमेह न झालेल्या, उरलेल्या नव्वदेक जणांवरच लागतो. म्हणून तीन वर्षं चालवल्यावर मॉडेल २८.९ ऐवजी २६.२ देतं. बरोबर वार्षिक दर १०.७ टक्क्यांच्या आसपास यायला हवा होता. पावणेतीन टक्क्यांचा फरक अमेरिकेच्या आकड्यावर कुणाच्या नजरेत भरत नाही.

हीच रीत आपल्याकडच्या आकड्यावर लावली की मात्र चूक फुगते. चेन्नईच्या एका अभ्यासात (त्याची ओळख पुढे येईल) तुलना गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला होता. तीनने भागून आलेले १८.३ टक्के दरवर्षी लावले, तर तीन वर्षांनी ४५.५ टक्केच येतात. म्हणजे शंभरातले साडेनऊ रुग्ण केवळ भागाकारात हरवतात. बरोबर वार्षिक दर २३.४ टक्के आहे. कार्यक्रमाच्या गटालाही तीच रीत लावली, तर एक मधुमेह टाळण्यासाठी ६.४ ऐवजी ९ माणसं घ्यावी लागतील असं उत्तर येतं. दर कमी असलेल्या लोकसंख्येत खपून गेलेली चूक दर जास्त असलेल्या लोकसंख्येत निर्णय फिरवते. भारतात मॉडेल आणताना हे आधी तपासावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आम्ही ते सूत्र दुरुस्त केलं आणि पुढे गेलो.

सात आणि साडेसहा

आता खरी परीक्षा. ज्या अभ्यासाचा या फाइलशी संबंध नाही, पण माणसं आपली आहेत, असा अभ्यास हवा. मुंबईचा असा अभ्यास हाताशी नव्हता. सगळ्यात जवळचा होता चेन्नईचा 'इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'. डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ५३१ माणसं, तीन वर्षं, चार गट: नेहमीचा सल्ला, आहार-व्यायाम, मेटफॉर्मिन (मधुमेहावरची गोळी), आणि दोन्ही.

डीपीपी २००२ चा, ३,२३४ माणसांचा. तिथे तीन वर्षांत तुलना गटातल्या २८.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाच्या गटात १४.४ टक्क्यांना. फरक १४.५. म्हणजे एक मधुमेह टाळायला ६.९ माणसं. पिवळ्या चौकोनातला 'साधारण सात' इथूनच आला होता.

चेन्नईत तुलना गटात ५५.०, आहार-व्यायामाच्या गटात ३९.३. फरक १५.७. म्हणजे ६.४ माणसं.

सहा पूर्णांक नऊ आणि सहा पूर्णांक चार! बैठकीत हे फळ्यावर लिहिलं तेव्हा संस्थेच्या प्रतिनिधींचा चेहरा खुलला. अमेरिकेवर बांधलेल्या मॉडेलने चेन्नईचं उत्तर जवळजवळ अचूक दिलं होतं, आणखी काय हवं? फक्त शेवटचा आकडा बघणारा कुणीही इथे सही करून मोकळा झाला असता.

पण त्या आकड्याच्या आत दोन घटक आहेत, आणि दोन्ही चुकलेले आहेत. पहिला घटक म्हणजे काहीच न करता किती जणांना मधुमेह होतो. मॉडेल म्हणतं २९, चेन्नईत झाला ५५ जणांना, जवळजवळ दुप्पट. दुसरा घटक म्हणजे कार्यक्रमाने धोका किती टक्क्यांनी घटतो. डीपीपीत तो ५८ टक्क्यांनी घटला, चेन्नईत २८.५ टक्क्यांनी, म्हणजे डीपीपीच्या निम्माच. एक घटक निम्मा धरला, दुसरा दुप्पट धरला, आणि गुणाकार योगायोगाने जुळला.

हा योगायोग आहे, हे मेटफॉर्मिनवर लगेच उघडं पडतं. डीपीपीत मेटफॉर्मिनच्या गटात २१.७ टक्क्यांना मधुमेह झाला, म्हणजे एकाला वाचवायला १३.९ माणसं. चेन्नईत त्या गटात ४०.५ टक्के, म्हणजे ६.९ माणसं. तेच मॉडेल, त्याच दोन जागा, आणि उत्तर दुपटीने चुकलं. शिवाय चेन्नईतला डोस अमेरिकेपेक्षा बराच कमी होता: दिवसातून दोनदा २५० मिलिग्रॅम, तिकडे दोनदा ८५०. एका प्रश्नावर मॉडेल बरोबर आलं म्हणून शेजारच्या प्रश्नावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

अर्धी दुरुस्ती

संस्थेच्या सल्लागाराने लगेच तोडगा सुचवला. सुरुवातीचा दर भारतीय घाला, बाकी तसंच राहू दे, म्हणजे मॉडेल 'लोकलाइज' झालं. भारतात बहुतेक ठिकाणी असंच केलं जातं, कारण सुरुवातीचा दर एका सर्वेक्षणातून मिळतो, पण परिणामाचा दर मिळवायला चाचणी करावी लागते. दिसायला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो.

आम्ही करून पाहिलं. सुरुवातीचा दर ५५ ठेवला आणि त्यावर अमेरिकेची ५८ टक्क्यांची घट लावली (ही घट तीन वर्षांच्या एकूण टक्केवारीतली नसून मधुमेह होण्याच्या वेगातली आहे). तीन वर्षांनी कार्यक्रमाच्या गटात २८.५ टक्के उरतात, म्हणजे शंभरात साडेसव्वीस मधुमेह टळतात आणि एकासाठी ३.८ माणसं पुरतात. प्रत्यक्षात चेन्नईत टळले १५.७. दुरुस्तीआधी मॉडेल ६.९ म्हणत होतं, खरं उत्तर ६.४ होतं, आणि दुरुस्तीनंतर ते ३.८ म्हणायला लागलं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. एक काढली, तशी दुसरी उघडी पडली.

या एका गणितावर बैठकीत बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. दोन्ही घटक सुटे करून प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्यायला हवी, हे तिथे सगळ्यांना पटलं.

वजनाची वाट

परिणाम निम्माच का? नुसते आकडे बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष रचनेत होता. फाइलमध्ये कार्यक्रमाचा फायदा एकाच वाटेने येत होता: माणूस वजन घटवतो, म्हणून त्याचा धोका घटतो. डीपीपीच्या माणसांसाठी ही वाट खरी आहे. तिथे सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३४ होता, कार्यक्रमात सरासरी ५.६ किलो वजन उतरलं, आणि नंतरच्या विश्लेषणात दर किलोमागे धोका १६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. १६ टक्क्यांची घट ५.६ किलोसाठी लागोपाठ लावली की ६२ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे डीपीपीच्या ५८ च्या जवळ. फाइलच्या आत सगळं सुसंगत होतं.

चेन्नईच्या माणसांचा सरासरी बीएमआय २५.८ होता. आहार-व्यायामाच्या गटात वजन लक्षणीय उतरलं नाही, तरीही मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला. मॉडेलमध्ये वजनातली घट शून्य टाकली, की फायदाही शून्य येतो. जे प्रत्यक्ष घडलं ते या मॉडेलच्या जगात घडूच शकत नाही. फायदा चालण्या-फिरण्याने थेट आलेला असेल, खाण्यातल्या बदलाने असेल, इन्सुलिन शरीराला नीट लागू पडण्याने असेल. पण त्यासाठी या फाइलमध्ये वाटच ठेवलेली नव्हती.

इथे मला आमच्या वॉर्डातली माणसं डोळ्यांपुढे येतात. दंड बारीक, गाल बसलेले, पोट मात्र पुढे आलेलं. वजनकाट्यावर ६२ किलो, आणि उपाशीपोटी साखर ११८. अशा माणसाला 'पाच किलो उतरवा' सांगणाऱ्या कार्यक्रमाचं यश मोजायला वजन ही चुकीची पट्टी आहे. आम्ही मॉडेलची रचना बदलून परिणाम थेट मधुमेहाच्या दरावर लावला आणि वजनाची वाट बंद केली.

न पाहिलेले दोन पेपर

आता आमच्या हातात चेन्नईवर बेतलेलं मॉडेल होतं. त्याची परीक्षा चेन्नईवर घेणं म्हणजे पुन्हा तीच स्मरणशक्ती. म्हणून ज्यांचा वापर केला नव्हता असे दोन अभ्यास काढले.

पहिला डी-क्लिप. तोही चेन्नईचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, ५७८ माणसांचा, तीन वर्षांचा, गरज पडली तर मेटफॉर्मिन जोडणारा. आमचं मॉडेल म्हणालं तुलना गटात ५५, प्रत्यक्षात ३४.९. सपशेल चूक, तीही त्याच शहरात. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आधीच्या अभ्यासात ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर वाढलेली, आणि तीही दोन वेगवेगळ्या वेळी वाढलेली आढळली, अशीच माणसं घेतली होती. डी-क्लिपमध्ये फक्त उपाशीपोटी साखर थोडी वाढलेलीही होती. नाव दोघांचंही प्रीडायबेटिस, वाटचाल वेगळी.

परिणामाचा घटक मात्र टिकला. ३४.९ ला चेन्नईची २८.५ टक्के घट लावली तर कार्यक्रमाच्या गटात २५ टक्के यायला हवेत, प्रत्यक्षात आले २५.७. कुठलाही आकडा ओढूनताणून न बसवता मिळालेलं हे उत्तर आहे, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

दुसरा अभ्यास केरळचा, के-डीपीपी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. १,००७ माणसं, दोन वर्षं, आणि कार्यक्रम चालवणारे बहुतांशी वस्तीतलेच लोक, एकमेकांना आधार देणारे गट. तुलना गटात १७.१ टक्के, कार्यक्रमात १४.९. आमच्या घटकाप्रमाणे १२.२ यायला हवे होते. म्हणजे शंभरात पाच मधुमेह टळायला हवे होते, टळले दोनच्या आसपास, आणि तो फरकही संख्याशास्त्रीय कसोटीवर ठाम ठरला नाही. त्या निकालाची अनिश्चितता मोठी आहे: धोक्याचं गुणोत्तर ०.८८, पण ०.६६ ते १.१६ च्या दरम्यान काहीही असू शकतं. आमचा ०.७२ (म्हणजे २८.५ टक्क्यांची घट) त्या पट्ट्यात बसतो. त्यामुळे मॉडेल इथे नापास झालं असं म्हणता येत नाही. पास झालं असंही म्हणता येत नाही.

माझं मत असं की मुंबईत होणारा कार्यक्रम चेन्नईच्या चाचण्यांपेक्षा केरळच्या जवळचा असेल. तो आरोग्य स्वयंसेविका चालवतील, त्यांच्याकडे याच महिन्यात क्षयरोगाची फेरी असेल, पोलिओची असेल, पावसाळ्यात डेंग्यूची असेल. चाचणीतल्या पगारी आहारतज्ज्ञाचा परिणाम त्यांच्या नावावर धरणं त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. तीन वर्षांनी 'कार्यक्रम फसला' म्हणून बोट त्यांच्याकडेच दाखवलं जाईल, आणि फसलेलं असेल ते भाकीत.

दोन तास कुणाला बसवायचं?

वॉर्डातल्या एका ताईंना आम्ही ग्लुकोज चाचणीची योजना समजावली: रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, मग दोन तास थांबून पुन्हा रक्त. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मॅडम, सकाळी पाणी येतं. पाणी भरलं की बायका कामाच्या घरी जातात. पुरुष तर त्याआधीच गाडी पकडतात. दोन तास बसवून ठेवायचं कुणाला?"

म्हणजे वस्तीत माणसं निवडली जाणार बोटातून घेतलेल्या उपाशीपोटीच्या रक्तावर. डी-क्लिपने याबद्दल आधीच इशारा दिला होता: फक्त उपाशीपोटी साखर वाढलेल्यांत धोका १२ टक्क्यांनीच घटला, ग्लुकोजनंतरची साखर वाढलेल्यांत ३१ टक्क्यांनी. दारात कुठली तपासणी ठेवता, त्यावर आत कोण येतं हे ठरतं, आणि आत कोण आलं त्यावर कार्यक्रमाचा परिणाम. मॉडेलमध्ये ही तपासणी कुठेच नव्हती. थेट 'प्रीडायबेटिस' असा शिक्का मारलेली माणसं गृहीत धरली होती. ताईंचं ते एक वाक्य आमच्या कित्येक चाचण्यांपेक्षा जास्त कामाचं ठरलं. रचना जाणकाराच्या नजरेला पटते का, हे बघायला जाणकार म्हणून प्राध्यापकच बसवावेत असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी वस्ती गावी असते. काही जण परत येतात ते कल्याण-विरारकडे भाड्याने. पाठपुराव्यातून असे गळलेले लोक मॉडेलने 'मधुमेह झाला नाही' या कप्प्यात टाकले, तर आकडा आपोआप गोड दिसतो.

मृत्यूचा कप्पा

चौथ्या कप्प्यासाठी मात्र मुंबईकडे स्वतःचा मोठा आधार आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांच्या मुंबई कोहॉर्ट अभ्यासात १९९१ ते १९९७ दरम्यान मतदारयाद्यांवरून ३५ वर्षांवरच्या १,४८,१७३ लोकांची घरोघरी नोंद झाली आणि पुढे पुन्हा घरी जाऊन पाठपुरावा झाला. मूळ विषय तंबाखूचा. पण वजन आणि मृत्यू यांचा संबंधही त्यात तपासला गेला, आणि सर्वाधिक मृत्युदर निघाला अतिशय कृश माणसांत. त्यात क्षयरोगाचा वाटा ठळक होता. आमच्या फाइलमध्ये वजन कमी झालं की मृत्यूचा धोका कमी, अशी सरळ रेषा होती. मुंबईच्या आकड्यांवर ती रेषा पहिल्याच टोकाला मोडते.

या आधारालाही मर्यादा आहेत. कडक पहारा असलेल्या उच्चभ्रू इमारती त्यात घेता आल्या नव्हत्या, आणि नव्वदच्या दशकातली मुंबई आजची नाही. आमचे दोन वॉर्ड बहुतांशी चाळी, वस्त्या आणि पुनर्वसनाच्या इमारतींचे असल्याने पहिली मर्यादा फार आड आली नाही. मृत्यूच्या कारणांसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रांकडे वळलो, तर तिथे 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास बंद पडणं) हे शब्द इतके सर्रास दिसतात की त्यावरून हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे मृत्यू वेगळे काढणं धाडसाचं होईल. एकूण मृत्युदर ठेवला आणि कारणनिहाय मृत्यू मॉडेलमधून काढून टाकले. ज्याची परीक्षा घेता येत नाही, तो कप्पा दाखवायचाच नाही, असं ठरलं.

आम्ही काय कळवलं

सही केली नाही. त्याऐवजी चार कोपरे असलेला एक तक्ता दिला. वॉर्डातला मूळ दर डी-क्लिपसारखा, तीन वर्षांत ३५ टक्के असेल, तर चाचणीसारख्या कार्यक्रमात शंभरामागे सुमारे १० मधुमेह टळतील आणि केरळसारख्यात ४. मूळ दर आधीच्या चेन्नई अभ्यासासारखा ५५ असेल, तर हेच आकडे १६ आणि ७ होतील. एका मधुमेहामागे सहा माणसांपासून चोवीस माणसांपर्यंत. संस्थेला हे उत्तर सुरुवातीला आवडलं नाही. एवढी मोठी दरी असेल तर मॉडेलचा उपयोग काय, असं त्यांच्या विश्वस्तांनी विचारलं. उपयोग हा, की दरी कशामुळे आहे ते आता कळतं: एक मूळ दर, दुसरी चालवणाऱ्यांची ताकद. मूळ दर एका वर्षाच्या छोट्या पाहणीने बराच पक्का करता येतो आणि त्याचा खर्च पूर्ण कार्यक्रमाच्या मानाने किरकोळ आहे. ताकद हवी असेल, तर स्वयंसेविकांवरची बाकीची कामं कमी करावी लागतील किंवा वेगळी माणसं नेमावी लागतील, आणि त्याची किंमत तक्त्यातल्या दोन रकान्यांतल्या फरकातून काढता येते.

त्यांनी पहिल्या वर्षाच्या पाहणीला मंजुरी दिली. पाहणी सुरू होण्याआधी मॉडेलचं भाकीत तारीख घालून, सहीनिशी विभागाच्या कार्यालयात जमा केलं आहे. मॉडेल कधी नापास समजायचं, तेही त्याच कागदावर आधीच लिहिलं आहे: वर्षाखेरीस आढळलेला दर भाकिताच्या पट्ट्याबाहेर गेला, तर आकडे वाकवून बसवायचे नाहीत, रचना पुन्हा उघडायची. पाठपुराव्याच्या फेऱ्या मे आणि गणपती टाळून लावल्या आहेत. गळालेल्या माणसांसाठी नोंदवहीत दोन वेगळे रकाने आहेत, एक गावी गेलेल्यांचा आणि एक घर बदललेल्यांचा. त्यांतल्या कुणालाही 'मधुमेह नाही' असं धरलं जाणार नाही.